विमानतळापर्यंतचे भाडे: वहीत न उतरणारा खर्च

व्यापारी माणूस पैशापैशाचा हिशेब ठेवतो. मालाचा भाव, हमाली, वाहतूक, दलाली, सारे काही वहीत उतरते. विमानाचे तिकीट काढताना तो चार एजंटांकडे चौकशी करतो आणि दोनशे रुपये वाचले तरी समाधान मानतो. पण घरापासून विमानतळापर्यंत आणि विमानतळापासून घरापर्यंत किती गेले, हा आकडा मात्र फारच थोड्यांच्या वहीत सापडतो. टॅक्सीवाल्याला दिलेले पैसे खिशातून गेले आणि विसरले गेले, असाच आपला रिवाज आहे.

एखाद्या वर्षी एकदाच जाणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. परंतु आता आपले कितीतरी बांधव कामासाठी वारंवार विमानाने जातात. भिवंडी-मालेगावचे कापडवाले सुरत-दिल्लीच्या बाजारात जातात, सोलापूरचे चादर-टॉवेलवाले दक्षिणेत जातात, धारावीचे चामड्याचे कारागीर प्रदर्शनांना जातात, तर कोणी दुबईच्या बाजारात माल दाखवायला जातो. ज्याचा नफाच मुळी थोडा, त्याच्या दृष्टीने हे जाण्या-येण्याचे भाडे लहान नाही. मुंबईचा विमानतळ आणि तेथवर नेणारी लोकल, मेट्रो यांचा नीट हिशेब मांडून पाहू.

आकडे काय सांगतात

1 फेब्रुवारी 2025 पासून मुंबईत टॅक्सीचे किमान भाडे 31 रुपये आणि रिक्षाचे 26 रुपये झाले. टॅक्सीचा दर किलोमीटरला 20 रुपये 66 पैसे आहे. क्रॉफर्ड मार्केट किंवा मोहम्मद अली रोडपासून सहारच्या टर्मिनल 2 पर्यंतचे अंतर सुमारे 25 किलोमीटर धरले, तर मीटरप्रमाणे पाचशे रुपयांच्या वर भाडे होते. रहदारीत गाडी अडकली तर मीटर आणखी पळतो. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात पंचवीस टक्के जास्त द्यावे लागतात, म्हणजे तेच भाडे साडेसहाशेच्या घरात जाते. पूल-टोलचे पैसे निराळे.

याच अंतराला मेट्रोचे तिकीट 70 रुपयांपेक्षा जास्त कोठेच नाही.

समजा, अब्दुल रहमान स्ट्रीटवरचा एक दुकानदार वर्षातून सहा वेळा विमानाने बाहेरगावी जातो. जाताना आणि येताना टॅक्सी केली, तर एका खेपेला हजार रुपयांच्या वर गेले. मेट्रोने दोन्ही वेळचे मिळून फार तर 140 रुपये. फरक सुमारे नऊशे रुपयांचा. सहा खेपांचे पाच हजारांहून अधिक झाले. एवढ्या पैशात त्याचे दिल्लीचे एखादे तिकीट निघू शकते. ठाणे, भिवंडी, मुंब्रा किंवा मीरा रोडहून टॅक्सी करणाऱ्याने स्वतःचा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

आता वाट बदलली आहे

पूर्वी लोकलने अंधेरी गाठायची आणि तेथून रिक्षा किंवा बेस्टची बस धरायची, एवढाच स्वस्त मार्ग होता. सामान सांभाळत बस बदलणे नको म्हणून लोक सरळ टॅक्सी करीत.

जून 2014 मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही पहिली मेट्रो सुरू झाली आणि पश्चिम व मध्य रेल्वे आडव्या मार्गाने जोडल्या गेल्या. पण ती विमानतळाच्या दारात जात नाही. येथे नवख्या माणसाची नेहमी फसगत होते. या मार्गावर 'एअरपोर्ट रोड' नावाचे स्टेशन आहे. नाव ऐकून लोक तेथे उतरतात आणि मग सामान घेऊन टर्मिनल शोधत फिरतात. तेथून टर्मिनल दूर आहे. पुढचे स्टेशन मरोळ नाका. उतरायचे ते तेथे.

खरा बदल झाला तो तिसऱ्या मेट्रोने. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, मे 2025 मध्ये ती वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये थेट कफ परेडपर्यंत पोहोचली. सुमारे साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग जवळजवळ सगळा जमिनीखालून जातो. एकूण 27 स्टेशने आहेत आणि त्यांत विमानतळाच्या टर्मिनल 1 व टर्मिनल 2 यांची स्वतंत्र स्टेशने आहेत.

आपल्या बाजारपेठांच्या दृष्टीने हा मार्ग सोयीचा आहे. काळबादेवी स्टेशन कापडबाजार आणि झवेरी बाजाराजवळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मेट्रो स्टेशनातून हज हाउस, क्रॉफर्ड मार्केट, मुसाफिरखाना चालत जाण्यासारखे आहेत. ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, दादर, धारावी ही सर्व याच मार्गावर आहेत. दुकानाला कुलूप लावून माणूस तासाभराच्या आत विमानतळाच्या स्टेशनात उतरू शकतो. वर रस्त्यावर मोर्चा असो की रहदारी, खाली गाडी ठरल्या वेळी येते.

कोणी कोणत्या वाटेने यावे

भिवंडी, कल्याण, मुंब्रा, ठाणे या भागातील बांधवांनी मध्य रेल्वेच्या लोकलने घाटकोपरला उतरावे. ठाण्याहून जलद गाडीने वीस-पंचवीस मिनिटे लागतात. घाटकोपर स्टेशनच्या पुलावरूनच पहिल्या मेट्रोकडे जाता येते. मेट्रोने चौथे स्टेशन मरोळ नाका. तेथे पहिली मेट्रो उंचावरून धावते आणि तिसरी जमिनीखालून, म्हणून सरकत्या जिन्याने किंवा लिफ्टने खाली उतरावे लागते. कफ परेडकडे जाणाऱ्या गाडीत बसले की पहिलेच स्टेशन टर्मिनल 2. ठाण्यापासूनचा लोकल आणि दोन्ही मेट्रोंचा सारा खर्च पन्नास रुपयांच्या आसपास होतो.

मालेगावकर मनमाडहून येतात, सोलापूरकर पुण्यावरून येतात, रत्नागिरी-चिपळूणचे लोक कोकण रेल्वेने येतात. त्यांच्या गाड्या कल्याण, ठाणे किंवा दादर यांपैकी कोठे ना कोठे थांबतात. ठाण्याला थांबणारी गाडी असेल तर तेथेच उतरून वरील वाट धरावी. शेवटपर्यंत मुंबईत जाऊन पुन्हा उलटे सहारकडे येण्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला नेत असेल आणि सामान जड असेल, तर तेथपर्यंत बसून राहावे व तेथून तिसरी मेट्रो घ्यावी. एकच गाडी, बदलणे नाही. एसटीने मुंबई सेंट्रलच्या आगारात उतरणाऱ्यांनाही मेट्रोचे स्टेशन जवळ आहे.

मीरा रोड, मालाड, जोगेश्वरीच्या मंडळींनी लोकलने अंधेरी गाठावी. अंधेरीहून पहिल्या मेट्रोने घाटकोपरच्या दिशेला चौथे स्टेशन मरोळ नाका, आणि पुढे तसेच.

टर्मिनलची चौकशी मात्र घरीच करावी. टर्मिनल 1 वरून फक्त देशातील विमाने सुटतात. टर्मिनल 2 वरून परदेशाची आणि देशातीलही काही विमाने सुटतात. चुकीच्या टर्मिनलवर उतरलात तरी घाबरू नये, मेट्रोने दोहोंत दोनच स्टेशनांचे अंतर आहे. पण त्याहून मोठी चूक आता होऊ शकते. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली आहेत. तिकिटावर बीओएम लिहिले असेल तर जुना सहार-सांताक्रूझचा विमानतळ, एनएमआय लिहिले असेल तर नवी मुंबईचा. एका विमानतळावरून दुसऱ्यावर ऐनवेळी पोहोचणे सोपे नाही. ही तीन अक्षरे प्रत्येकाने वाचायला शिकले पाहिजे.

गाठ घड्याळाशी आहे

येथपर्यंत सारे सोपे वाटते. अडचण आहे ती वेळेची. तिसरी मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री साडेदहाला शेवटची गाडी सुटते. पहिली मेट्रो रात्री अकरापर्यंत मिळते. लोकल मध्यरात्रीनंतर सुमारे तीन तास बंद असते आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा धावू लागते. उलट आखाती देशांची बरीच विमाने रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात आणि येतात. म्हणजे आपल्याला गरज असते नेमक्या त्याच वेळी मेट्रो झोपलेली असते.

यावर उपाय आहेत, पण ते तिकीट काढतानाच योजले पाहिजेत.

पहिला उपाय म्हणजे तिकीट घेताना विमानाच्या भाड्यात घरापासूनचे भाडे मिळवून पाहणे. पहाटे साडेतीनचे विमान तीनशे रुपयांनी स्वस्त आहे म्हणून घेतले आणि रात्रीच्या टॅक्सीला सहाशे दिले, तर स्वस्त ते महागच पडले. देशातल्या प्रवासासाठी सकाळी दहा ते रात्री आठ या वेळात सुटणारी व उतरणारी विमाने पाहिली तर मेट्रोचा पुरा फायदा मिळतो.

दुसरा उपाय, विमान पहाटेचेच असेल तर रात्री लवकर निघणे. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असतेच. रात्री दीडच्या विमानाला साडेदहाला पोहोचायचे म्हणजे नऊ-साडेनऊची मेट्रो पुरते. साडेतीनच्या विमानाला दहाची शेवटाकडची मेट्रो धरून टर्मिनलवर बसून राहता येते. चार-पाच तासांहून फार आधी मात्र जाऊ नये, दारावर थांबवले जाण्याचा संभव असतो. तिसरी मेट्रो चुकली तरी पहिल्या मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत यावे आणि तेथून रिक्षा करावी. थोड्याच अंतराचे भाडे पडते.

तिसरा उपाय परत येणाऱ्यांसाठी. पहाटे तीनला विमान उतरले, सामान घेऊन बाहेर पडायला चार वाजतात. अशा वेळी ओढत नेणाऱ्या टॅक्सीवाल्यांच्या हाती सापडू नये. रिक्षाने अंधेरी स्टेशन गाठले की पहिल्या लोकल मिळतात. अंगात थकवा असेल तर टर्मिनलवरच तास-दीड तास बसावे आणि मेट्रो सुरू झाली की निघावे. पहाटेच्या गाड्यांत जागाही मिळते.

रविवारी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि मेट्रोची सुरुवातीची वेळ वेगळी असू शकते. शनिवारीच चौकशी करून ठेवावी. पावसाळ्यात तर जास्तीचे दोन तास हाताशी ठेवणे शहाणपणाचे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल व विमानतळ दोन्ही बंद पडले, हे जुन्या लोकांना आठवतच असेल. जमिनीखालची मेट्रोही यातून सुटलेली नाही. 26 मे 2025 च्या पावसात नुकत्याच सुरू झालेल्या आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरले आणि तेवढ्या भागात गाड्या थांबवाव्या लागल्या.

सामान किती, यावर ठरवा

मेट्रो ही माणसांची गाडी आहे, मालाची नव्हे. स्टेशनात शिरताना सामान तपासणीच्या यंत्रातून जाते. एक चाकांची बॅग आणि एक खांद्याची पिशवी घेऊन जाणाऱ्याला काहीच अडचण नाही. कापडाचे नमुने, चपलांचे चार जोड, चामड्याची पाकिटे एवढे आरामात जाते. पण दोरीने बांधलेले खोके, गोणी, गठ्ठे घेऊन मेट्रोत जाण्याचा विचारही करू नये. वजनाचा माल कुरिअरने किंवा ट्रान्सपोर्टने पुढे पाठवावा आणि आपण नमुने घेऊन जावे, हेच बरे.

लोकलची गोष्ट आणखी निराळी. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईहून परतणाऱ्या गाड्यांत बॅगेसह चढणे हे धोक्याचे काम आहे. दारात लोंबकळत विमान गाठण्याची गरज नाही. गर्दीच्या वेळेआधी किंवा नंतर निघावे. नाशवंत किंवा ठिसूळ वस्तू असेल तर लोकल टाळावी.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असे वाद्य घेऊन कारागीर विमानाने निघाला असेल, तर त्याने खुशाल टॅक्सी करावी. दोन-तीनशे रुपये वाचवताना भोपळ्याला तडा गेला तर महिन्याची मेहनत गेली. चार जण एकत्र निघाले आणि सामानही भरपूर असेल, तरीही टॅक्सीचे भाडे चौघांत वाटून परवडते. सोबत वृद्ध माणूस, आजारी माणूस किंवा लहान मुले असतील तेथे पैशाचा हिशेब दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. बचत म्हणजे हाल नव्हेत.

पोहोचवायला येणारी मंडळी

आपल्याकडे एक माणूस परदेशी निघाला की गाडीभर माणसे निरोपाला येतात. माया आहे, ती असावी. परंतु टर्मिनलच्या आत तिकीट आणि ओळखपत्र असल्याखेरीज कोणालाही सोडत नाहीत. गाव-तालुक्यावरून आठ-दहा माणसे जीप भाड्याने घेऊन येतात, दारावर पाच मिनिटे गळाभेट होते आणि मंडळी रात्रभराचा प्रवास करून परत जातात. जीपचे भाडे, डिझेल, वाटेतले खाणे, वाहन उभे करण्याचे पैसे हे सारे शेवटी प्रवाशाच्याच कर्जात जमा होते.

निरोप घरी द्यावा. सोबतीला एकच जाणता माणूस यावा, जो लोकलने व मेट्रोने येईल आणि तसाच परत जाईल. वाचलेले पैसे जाणाऱ्याच्या हातात ठेवले तर परक्या मुलखात पहिल्या आठवड्याला उपयोगी पडतील.

पलीकडच्या टोकालाही हाच नियम

विमान उतरल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. दिल्लीत 2011 पासून विमानतळाची वेगळी मेट्रो आहे. टर्मिनल 3 पासून नवी दिल्ली रेल्वे स्टेशनपर्यंत ती सुमारे वीस मिनिटांत नेते. टर्मिनल 1 वर उतरणाऱ्यांसाठी मॅजेंटा मार्गाचे स्टेशन आहे. नोव्हेंबरात व्यापार मेळ्यासाठी जाणाऱ्या कारागिरांनी ध्यानात ठेवावे की प्रगती मैदानच्या मेट्रो स्टेशनचे नाव आता सुप्रीम कोर्ट असे आहे. जुने नाव शोधत बसू नये.

दुबईत 2009 पासून मेट्रो आहे. टर्मिनल 1 आणि 3 येथे लाल मार्गाची स्टेशने आहेत. देऱ्याच्या बाजाराकडे जायचे तर युनियन स्टेशनला हिरव्या मार्गाची गाडी बदलून बनियास स्क्वेअरला उतरावे. टर्मिनल 2 वर मात्र मेट्रो नाही, म्हणून आपले विमान कोणत्या टर्मिनलवर उतरते ते आधी विचारावे. तेथे नियम कडक आहेत. एका माणसाला एक मोठी आणि एक लहान बॅग नेता येते. मोठीचे माप 81, 58 व 30 सेंटिमीटरच्या आत आणि लहानीचे 55, 38 व 20 सेंटिमीटरच्या आत असावे लागते. गाडीत खाणे-पिणे केले किंवा साध्या तिकिटावर गोल्ड डब्यात बसले तर 100 दिरहम दंड होतो. स्त्रियांच्या डब्यात चुकूनही शिरू नये. एवढे पाळले तर टॅक्सीच्या तुलनेत फारच थोड्या पैशात बाजार गाठता येतो.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

तिकिटावर विमानतळाची तीन अक्षरे आणि टर्मिनलचा क्रमांक वाचला का? उड्डाणाची वेळ रात्री बारानंतरची असेल तर तारीख नीट पाहिली का? 5 तारखेला रात्री साडेबाराचे विमान म्हणजे 4 तारखेलाच रात्री घरून निघायचे, यात कितीतरी लोकांची विमाने चुकली आहेत. मेट्रो व लोकलची शेवटची वेळ विचारली का? स्टेशनातून वर येऊन सामानासह टर्मिनलच्या दारापर्यंत चालायला वीस मिनिटे राखून ठेवली का? परदेशी विमानांचे काउंटर साधारणतः उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात, हे धरून हिशेब केला का? मेट्रोच्या तिकिटासाठी मोबाइलवरील 'मुंबई वन' हे अॅप 2025 पासून आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांना खिडकीवर तिकीट मिळते. मोबाइलची बॅटरी संपली तरी अडू नये म्हणून विमानाच्या तिकिटाचा कागद आणि शंभर-दोनशेची सुटी मोड खिशात ठेवलेली बरी.

आणि परत आल्यावर एक काम जरूर करावे. मालाच्या खर्चाखाली वहीत आणखी एक ओळ काढून तिच्यात विमानतळापर्यंतचे जाणे-येणे लिहावे. वर्षअखेरीस त्या ओळीची बेरीज करून पाहावी. पुढच्या वर्षी कोणत्या वेळेचे विमान घ्यायचे आणि कोणत्या वाटेने घर गाठायचे, ते ती बेरीजच सांगेल.